माजी

पहिल्या दिवशी माझ्या लक्षातही आलं नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पहाटे सांगलीत उतरलो, रिक्षात बॅगा कोंबून गावभागात घरी आलो, चहा झाला, आंघोळी झाल्या, मुलं आजीच्या कॉटवर आडवी झाली आणि दिवस कुठं गेला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठले आणि सवयीनं माठाकडे हात गेला. तेवढ्यात वहिनी ओट्यापाशी हात धुता धुता म्हणाली, ‘वन्सं, ते नको. नळाला नवं पाणी आलंय. जारचं घ्या, तुमच्यासाठीच सांगितलाय.’ तेव्हा मी नीट पाहिलं. माठाच्या तिवईशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर वीस लिटरचा निळा जार होता. त्याच्या डोक्यावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल, शेजारी ताटलीत उपडे घातलेले तीन पेले. तीनच. मी, लेक आणि धाकटा. बाकी घर माठाचं पाणी पीत होतं. मी मुकाट्यानं जारची तोटी दाबली. पाण्याला कसलीच चव नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यानंच पुढं पंधरा दिवस माझा पिच्छा पुरवला.

हे घर कृष्णेच्या पाण्यावर वाढलेलं. जुलै लागला की नळाचं पाणी चहासारखं यायचं. आजी पितळी घागरीत तुरटी फिरवायची, तीन-चार वेढे, आणि मग आम्ही मुलं गाळ खाली बसायची वाट बघायचो. नळाच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं असायचं, ते संध्याकाळी सोडलं की त्यात बारीक तांबूस माती आणि कधीतरी एखादा जिवंत किडा. तेच पाणी आम्ही प्यायचो, त्याच्यातच पोहायचो. सरकारी घाटावरून उडी मारताना नाकातोंडात जायचं ते वेगळंच. पूल बघायला म्हणून गेलो तरी आयर्विनच्या खांबावरचे फुटाचे आकडे वाचून यायचं हा नियम. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ‘सांगलीकराच्या पोटाला काही होत नाही’ असं वडील म्हणायचे, आणि कावीळ झाली तरी ती बाहेर कुठंतरी उसाचा रस प्यायल्यामुळं झाली असंच घरात धरलं जायचं. अशा घरात माझ्यासाठी वेगळं पाणी! बरं, वहिनीला बोलायला जागाच नव्हती. मागच्या खेपेला धाकट्याला जुलाब झाले होते, सलाईन लावावं लागलं होतं, आणि तेव्हा मीच, माझ्याच तोंडानं, ‘इथलं पाणी बाधलं वाटतं’ म्हणाले होते. ‘इथलं.’ तो शब्द तिनं बरोबर लक्षात ठेवला.

आम्ही टांझानियात मोशीच्या खाली, उसाच्या मळ्यांतल्या एका वसाहतीत राहतो. नवरा साखर कारखान्यातला, पॅनवरचा माणूस, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरणारा. वाळव्याकडच्या कारखान्यात पंधरा हंगाम काढले, मग आधी तिकडं गेलेल्या एका मित्राचा फोन आला. आपल्या भागातली अशी बरीच माणसं पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत सापडतील. ऊस तोच, मळीचा वास तोच, उताऱ्याची काळजीही तीच. फक्त आपल्याकडं दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, तिकडं पावसाळा संपल्यावर जूनच्या सुमाराला. त्यामुळं शाळेला मोठी सुट्टी लागते तेव्हा नेमका त्याचा हंगाम सुरू झालेला असतो आणि सांगलीला येतो ते आम्ही तिघंच. दारातून, ढग नसतील तर, किलिमांजारो दिसतो. ५,८९५ मीटर. लोक पैसे भरून बघायला येतात तो डोंगर मी कपडे वाळत घालता घालता बघते. सकाळी आणि संध्याकाळी तो बाहेर येतो, दिवसभर ढगात तोंड खुपसून बसतो. पहिल्या वर्षी मी त्याचे किती फोटो काढले असतील! आता ढग असले तर कळतसुद्धा नाही.

फोटोत येत नाही ते वेगळंच. तोडणीच्या आधी तिथं उभा ऊस पेटवतात. संध्याकाळी क्षितिजावर जाळाची रांग दिसते आणि थोड्या वेळानं अंगणात काळी पिसं पडायला लागतात, बोटानं उचलायला गेलं की फुटणारी. कपडे आत घ्यायला धावायचं. आत घेतले तरी सगळ्यांना इस्त्री हवीच, अगदी चड्डी-बनियन, पायपुसणीसुद्धा, कारण तिथं एक माशी ओलसर कपड्यावर अंडी घालते आणि तिची अळी कातडीखाली शिरते. लेकीच्या पाठीवर असं एक गळू आलं होतं. त्यावर व्हॅसलीनचा थर लावून, अळीची हवा तोडून तिला वर यायला लावलं. ते दृश्य एकदा पाहिलेली आई आयुष्यभर इस्त्री सोडत नाही. या खेपेलाही मी इथं धाकट्याच्या चड्ड्यांवर इस्त्री फिरवताना आईनं पाहिलं. तिनं काही न बोलता वहिनीकडं बघितलं आणि वहिनीनं पदरात हसू लपवलं. सांगायला गेले तर पुन्हा ‘तिकडचं’ काहीतरी सांगितल्यासारखं झालं असतं, म्हणून इस्त्री तशीच चालू ठेवली.

आणि पाणी. रोज संध्याकाळी सातला मोठ्या पातेल्यात पाणी चढवायचं, खळाळून उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी गाळून बाटल्या भरायच्या. वीज गेली तर शेगडीवर. इतकी वर्षं झाली, त्या झाकणाच्या थडथडण्यावर मी घड्याळ लावू शकते. घड्याळावरून आठवलं, तिथलं घड्याळही निराळं. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. विषुववृत्ताजवळ बारा महिने सूर्य जवळजवळ एकाच वेळेला उगवतो, त्यामुळं हिशेब कधी चुकत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरकामाला आलेल्या बाईला मी पुस्तकातून पाठ करून ‘सा नाने’ म्हणाले, म्हणजे आठ वाजता ये. ती बरोबर दुपारी दोनला दारात उभी. मी सकाळपासून धुमसत होते, ती वेळेवर आल्याच्या समाधानात हसत होती.

तिला सगळे ‘दादा’ म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि घरकाम करणाऱ्या बाईलाही दादाच म्हणायची पद्धत. इथूनच आमच्या घरातला मोठा घोटाळा सुरू झाला. लेक तीन वर्षांची असताना फोनवर आजीला म्हणाली, ‘दादानं मला आंघोळ घातली, मग दादानं माझी वेणी घातली.’ आईला फक्त एकच दादा माहीत, माझा थोरला भाऊ, आणि तो त्या वेळी तिच्यासमोर पेपर वाचत बसलेला. काका म्हणजे तिकडं भाऊ. मामा म्हणजे आई. बाबा तेवढा बाबाच. त्यामुळं शाळेतली पोरं मला ‘मामा’ म्हणून हाक मारतात आणि मी ओ देते. ते सोडलं तर ती भाषा आपल्या आत्याबाईची वाटावी इतकी ओळखीची. हिशेबाला हेसाबू, साखरेला सुकारी, साबणाला साबुनी, दुकानाला दुका, विम्याला बीमा, लाखाला लाकी. आंब्याला एंबे आणि फणसाला फेनेसी. समुद्रावरून किती शतकं माणसं आणि माल इकडून तिकडे जात होता ते बाजारात भाजी घेताना कळतं. पण आंबा येतो डिसेंबरात. नाताळच्या सुट्टीत आमरस करायचा आणि सांगलीला फोटो पाठवायचा, म्हणजे इकडून ‘आम्हाला थंडीत जळवता काय’ असा मेसेज हमखास. ज्वारीही मिळते, पण लालसर. भाकरी नाचणीच्या जवळ जाते. थापताना डोळे मिटले तर चालून जातं.

बायका विचारतात, ‘मग कसं, छान ना तिकडं?’ या प्रश्नाचं उत्तर मला अजून जमलेलं नाही. छान आहे. मुलं झाडावर चढतात, टीव्हीचं वेड नाही, नवरा दुपारी जेवायला घरी येतो. आणि पहिल्याच वर्षी धाकट्याला हिवताप झाला तेव्हा रात्री दोनला, दात वाजणाऱ्या पोराला दोन चादरींत गुंडाळून दवाखान्यात नेताना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस आणि दिव्यांच्या उजेडात नुसती धूळ, तेव्हा मी ज्या कुणाला शिव्या घातल्या त्यात साखर, नवऱ्याचा तो मित्र आणि आमचे चाळीस हप्ते राहिलेलं विश्रामबागेतलं घर, सगळे होते. बोटातून रक्ताचा थेंब, पट्टीवर दोन रेघा. तीन दिवसांच्या गोळ्या, आणि गोळीबरोबर काहीतरी स्निग्ध पोटात हवं, नाहीतर ती नीट लागू पडत नाही, असं तिथल्या नर्सनं बजावलं. मी मऊ भातावर तूप घालून भरवत होते. माझ्या आजीनं कुठल्याही तापाला हेच केलं असतं, हे आठवून मला एकदम रडू फुटलं. दादा दारात उभी होती. ती म्हणाली, ‘पोले, मामा.’ कुणी ठेचकाळलं, आजारी पडलं, नुसतं डोक्यावरून ओझं नेताना दिसलं तरी तिथं ‘पोले’ म्हणतात. मग तिनं न सांगता रात्रीची भांडी घासली आणि तिथंच चटई टाकून झोपली.

तोच शब्द तिनं ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा उच्चारला. त्या आठवड्यात आमच्याकडं कोरडी थंड हवा, धूळ, निरभ्र आकाशात स्वच्छ किलिमांजारो, आणि फोनमध्ये सांगली बुडत होती. आयर्विनची पातळी तासातासाला येत होती. पंचेचाळीस मागं पडली, पन्नास मागं पडली. दादा-वहिनींनी आईला विश्रामबागेकडं नातेवाइकांकडं हलवलं आणि मग त्यांचे फोन बंद पडले. तिकडं अडीच तास मागं असलेल्या घड्याळात मी नुसती बसून. शेजारची एक कानडी बाई दोन दिवस जेवण घेऊन आली. पाणी ओसरल्यावर दादानं व्हिडिओ पाठवला. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गाळ, वडिलांच्या फोटोच्या चौकटीत पाण्याची रेघ, आणि अंगणात जारची रांग. आमच्या घरात जार पहिल्यांदा आला तो तेव्हा, मदतीच्या टेम्पोतून. पुढं वहिनीनं सांगितलं, ‘गाळाचा वास सहा महिने गेला नाही. माठात पाणी भरलं तरी त्याला यायचा.’ मी त्या वासातली नव्हते. इतर सगळ्या गोष्टींची भरपाई पैशानं, फोननं, भेटवस्तूंनी थोडीफार होते. त्या वासाची नाही झाली. सांगलीत आजही चार माणसं बसली की बोलणं कुठूनही निघून पुरावर येतं, आणि मग मी आपली गप्प ऐकत बसते.

या खेपेला लेकीनं एक वेगळाच घोळ घातला. ती आता नऊ वर्षांची. मराठी वाचायला मी घरीच शिकवलंय, त्यामुळं गावात आली की दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटते. मारुती चौकातून हरभट रोडकडं चाललो होतो. वर वाढदिवसाचा फ्लेक्स. तिनं वाचलं, ‘मा-जी न-ग-र-से-व-क’, आणि थांबली. ‘आई, पाणी नगरसेवक म्हणजे काय? ते पाणी सोडतात का?’ मला आधी कळेना. मग लक्षात आलं. स्वाहिलीत ‘माजी’ म्हणजे पाणी. भडंगच्या पुड्या बांधणारा दुकानदार ऐकत होता, तो म्हणाला, ‘बरोबर वाचलंय की बाळानं. तेवढंच तर सोडलं नाही त्यांनी कधी.’ आम्ही पोट धरून हसलो. घरी येऊन आईला सांगितलं, ती हसली, वहिनी हसली. मग लेक उत्साहानं विचारत राहिली, आपल्या माजीचा अर्थ काय, नगरसेवक माजी म्हणजे काय झालं त्याला? वहिनी म्हणाली, ‘म्हणजे आधी होता, आता नाही. पण मान तेवढाच द्यायचा.’

मी जारखाली पेला धरला होता. तो भरून वाहायला लागला तरी तोटी सोडायचं सुचलं नाही.

तिकडं एक म्हण आहे, ‘म्गेनी सिकू म्बिली, या तातू म्पे जेंबे’. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपल्याकडं याच आशयाची, जरा तिखट: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आपल्या म्हणीत पाहुण्यानं जायचं असतं, त्यांच्या म्हणीत कामाला लागायचं असतं. मी तिसऱ्या दिवशी पदर खोचून भांड्यांपाशी गेले तर वहिनीनं दोन्ही हातांनी मला बाहेर काढलं. ‘बसा हो, चार दिवस आलाय.’ मग फारच मागं लागले तेव्हा मेथीची जुडी समोर आली. मेथी निवडणं हे पाहुणीला द्यायचं काम, हे मी स्वतः सासरी वापरलेलं शास्त्र. फोडणीला हात लावू द्यायचा नाही, गॅसची टाकी बदलायला सांगायचं नाही, निवडायला द्यायचं. मी सगळी जुडी निवडली. आईनं ती माझ्या नकळत पुन्हा एकदा चाळली.

हे सगळं मनात घोळवताना एक जुनी गोष्ट वर येत होती, जिच्याकडं मी बघायचं टाळत होते. तिकडच्या घरात उकळलेलं पाणी आमच्यासाठी असायचं. दादा नळाचं प्यायची. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. मी तिला कधी नको म्हटलं नाही, कधी घेही म्हटलं नाही. ती सकाळी येऊन चार बाटल्या भरायची, फ्रिजमध्ये ठेवायची, आणि तहान लागली की मागच्या नळाखाली ओंजळ धरायची. तिसरं वर्ष चालू असताना लेकीनं तिला विचारलं, तू आमचं पाणी का पीत नाहीस? ती सहज म्हणाली, ‘हायो नि माजी येनू.’ ते तुमचं पाणी. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रागही नव्हता. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं. मी ओशाळून म्हटलं, अगं, आजपासून तूही हेच पी. ती ‘नदियो, मामा’ म्हणाली, दोन दिवस माझ्यासमोर एकेक पेला प्यायली आणि पुन्हा नळावर गेली. एकदा मी खोदून विचारलं तर हसून म्हणाली, त्याला चव नाही.

तेव्हा मला तो अडाणीपणा वाटला होता. स्वच्छ पाणी घरात असताना नको म्हणते! आता गावभागातल्या स्वयंपाकघरात, बिनचवीचा पेला हातात घेऊन उभी राहिले तेव्हा ती काय म्हणत होती ते थोडं कळल्यासारखं वाटलं. थोडंच. कारण तिच्या नळात आणि माझ्या माठात फरक आहे, आणि माझं वेगळं पाणी मला मायेनं मिळालंय, तिला वगळून आम्ही आमचं उकळत होतो. दोन्ही एकाच मापानं मोजायला गेले तर ती स्वतःचीच फसवणूक होईल. तरी मोजायचं काही थांबत नाही.

जायच्या तीन दिवस आधी रात्री मला जाग आली. बाहेर पाऊस लागला होता, पन्हाळीतून बादलीत धार पडत होती, घरात कुणीतरी घोरत होतं, बहुतेक दादा, माझा खरा दादा. मी स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. माठावरचं झाकण न वाजवता काढायची युक्ती हाताला अजून आठवत होती, आधी एका बाजूनं उचलायचं. ओगराळं बुडवलं आणि उभ्या उभ्या दोन पेले प्यायले. गार, जरासं मातकट, मागून तुरटीची पुसट तुरट चव. घरी आल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं, आणि फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोट बिघडलं. व्हायचं तेच झालं. मी आईला सांगितलं, काल भेळ खाल्ली होती ना चौकात, तीच बाधली. आईनं ओव्याची पूड आणून दिली आणि भेळवाल्याचा उद्धार केला. वहिनी काही बोलली नाही. संध्याकाळी मीठ-साखरेचं पाणी करून माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाली, ‘जारचंच आहे.’ मग दारापर्यंत जाऊन वळली. ‘ओगराळं उलटं ठेवलं होतंत. आम्ही सुलटं ठेवतो.’ एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच रात्री तिकडून आवाजी निरोप आला. दादा बोलत होती, मागं कोंबडा आणि कुणाचातरी रेडिओ. घर झाडून घेतलंय, साहेब वेळेवर जेवतात, काल राखेनं पडदे काळे झाले ते धुतले, इस्त्रीसुद्धा केली. रविवारी तुम्ही याल म्हणून शनिवारीच पाणी उकळून ठेवते. लेकीनं निरोप तीनदा ऐकला आणि आजीला भाषांतर करून सांगितला. आई म्हणाली, ‘बघ, किती काळजी करते दादा.’ आता तिलाही दादा म्हणजे कोण ते कळतं.

शुक्रवारी सकाळी जारवाला पोरगा आला. खांद्यावर भरलेला जार, पायात भिजलेली चप्पल. दारातूनच ओरडला, ‘वैनी, ठेवू का अजून एक?’ मी आत बॅगेवर बसून चेन ओढत होते. वहिनी म्हणाली, ‘नको रे आता. आज रात्री पाहुणे…’ आणि अडखळली. ‘वन्सं जाणारेत.’ पोरगा म्हणाला, मग रिकामा द्या, आणि डिपॉझिट घेताय का, ठेवताय? वहिनीनं थोडा विचार केला. ‘राहू दे तुझ्याकडं. वर्षभरानं लागतोय परत.’ त्यानं स्टुलावरचा जार उचलला. तळाशी अर्धा-एक लिटर पाणी होतं, ते त्यानं अंगणातल्या तुळशीत ओतलं. आईनं क्रोशाचा रुमाल झटकला, चार घड्या घातल्या, आणि गौरींचे मुखवटे ठेवतो त्या कपाटात, खालच्या फळीवर, डांबराच्या दोन गोळ्यांबरोबर ठेवून दिला.